पाठीवरचे तीन आकडे

मित्रांनो, फळा म्हटले की तुम्हाला शाळा आठवते, हे मला ठाऊक आहे. पण मी शाळेतला नव्हे. मी कट्टा नावाच्या गावच्या बाजारात, काजू-बी विकत घेणाऱ्या एका दुकानाबाहेर टांगलेला जुना दरफलक आहे. दोन हात रुंद, दीड हात उंच, फणसाच्या लाकडाचा. माझ्या कपाळावर पांढऱ्या तैलरंगात 'काजू बी, आजचा दर' असे कायमचे लिहिलेले आहे, आणि त्याखाली रोज खडूने एकच आकडा. एवढेच माझे आयुष्य, असे मला गेल्या हंगामापर्यंत वाटत होते. आता मात्र माझा इतका गोंधळ उडाला आहे, की कोणापाशी तरी बोलल्यावाचून राहवत नाही.

माझा जन्म एका दाराच्या उरलेल्या फळीतून झाला. बाबूशेट हे माझे पहिले मालक. त्यांनी दुकानाला नवे दार केले, तेव्हा सुतार उरलेली लाकडे घेऊन निघाला होता. बाबूशेट त्याला म्हणाले, "हयच ठेव रे. माका एक फळो व्हयो आसा." आणि फळा त्यांना का हवा होता, तेही सांगतो, कारण पुढचे सगळे तिथूनच आले.

त्या काळी कट्ट्यात काजू घेणारे चार दुकानदार होते. दर तोंडी असे, आणि माणूस बघून असे. सकाळच्या एसटीने येणाऱ्याला एक, दुपारच्या एसटीने येणाऱ्याला दुसरा. एके दिवशी मथुरा नावाची वरच्या वाडीतली तरुण सून डोक्यावर बियांची पाटी घेऊन बाबूशेटांकडे आली. तिच्या शेजारणीला त्याच दुकानात तासाभरापूर्वी किलोमागे तीन रुपये जास्त मिळाले होते. दोघींची झाडे एकाच दगडी गडग्याच्या अलीकडे-पलीकडे. मथुरा भांडली नाही. नुसती पायरीवर बसून राहिली, आणि उठेचना. बाबूशेटांना ते फार लागले. त्या रात्री ते जेवले नाहीत, असे घरात अजून सांगतात.

मग त्यांनी चारही दुकानदारांना आणि जमतील तेवढ्या शेतकऱ्यांना देवळात बोलावले. ठरले असे, की हंगामाचा दर देवाला विचारून काढायचा, आणि तो चारही दुकानांबाहेर फळ्यावर लिहायचा. लहानमोठ्याला, आधी आलेल्याला, मागून आलेल्याला एकच दर. तीन आकडे देवापुढे मांडायचे. एक दुकानदारांचा, एक शेतकऱ्यांचा, एक गावच्या मानकऱ्यांचा. गुरव ओल्या फुलाच्या तीन पाकळ्या देवाच्या पाषाणाला चिकटवणार, आणि जी पहिली गळून पडेल तिचा आकडा खरा. आमच्याकडे लग्नापासून विहिरीपर्यंत सगळ्याला असा कौल लावतात, मग काजूने काय पाप केले होते?

माझ्या तोंडाचा रंग त्या दिवशी अजून ओला होता. म्हणून तीन आकडे माझ्या पाठीवर लिहिले. लिहायला काडी घेतली ती काजूच्या टरफलाच्या तेलात बुडवलेली. हे तेल तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो, हाताला लागले तर कातडे सोलून निघते, आणि लाकडाला लागले तर लाकूड जळेपर्यंत निघत नाही. शेतकऱ्यांचा आकडा कोणी सांगायचा, यावर सगळे एकमेकांकडे बघू लागले. बाबूशेट म्हणाले, "मथुरा, तू लिव. तुझ्यामुळे ह्या झाला." मथुरा चौथी शिकलेली होती. तिने पदर सावरला, काडी घेतली, आणि माझ्या पाठीवर हळूच आकडा काढला. हात थरथरत होता, ते मला समजले. पाकळी मात्र मानकऱ्यांच्या आकड्याची पडली.

तेव्हापासून दर हंगामाला माझ्या पाठीवर तीन आकड्यांची एक ओळ वाढू लागली. मित्रांनो, माझी छाती किती फुगली असेल, विचार करा. समोर एसटीचा थांबा. गाडीतून उतरणारा माणूस चारही फळ्यांवरून नजर फिरवी, चारही ठिकाणी एकच आकडा बघी, आणि निर्धास्त पायरी चढे. मी डावीकडे बघी, उजवीकडे बघी. शेजारच्या फळ्यावर माझाच आकडा. मला वाटे, सचोटी म्हणतात ती हीच. मालवणच्या मासळीबाजारात डोळ्यादेखत भाव चढतात-उतरतात, असे प्रवासी सांगत, तेव्हा मला त्या बाजाराची कीव येई. आमचा दर म्हणजे देवाचा दर. त्यात मागेपुढे नाही.

बाबूशेट थकले, मग गेले. गल्ल्यावर त्यांचा मुलगा दत्तप्रसाद बसला. माणूस मऊ. कोणाला नाही म्हणायचे झाले की तो चहा मागवी. हंगामाच्या पहिल्या सकाळी समोरच्या दुकानाचे बाबलीशेट आणि बाकीचे दोघे आमच्याच दुकानात जमत. मला खिळ्यावरून उतरवून पोत्यांच्या थप्पीवर पालथे घालत, माझ्या पाठीवर चहाचे पेले ठेवत, आणि मग तेलाची काडी फिरे. पूर्वी तीन वेगवेगळ्या हातांची काडी लागे. एक जड, एक हलकी, एक थरथरती. पुढे तिन्ही वेळा सारख्याच वजनाची लागू लागली. मला वाटले, वय झाले, पाठ बधिर झाली असेल. तिथून आकडे चिठ्ठीवर उतरवून देवळात जात, आणि तासाभराने येऊन माझ्या तोंडावर दर लिहीत. मला माझी पाठ कधी दिसली नाही, मित्रांनो. कोणालाच दिसत नाही.

दत्तप्रसादची एकुलती एक मुलगी गौरजा. ती आकडे शिकली ती माझ्यावरून. बाकावर उभी राहून माझ्यावरचा आकडा पाटीवर उतरवून काढी, आणि पाच उलटा काढला की मी मनातल्या मनात ओरडे. तीच पुढे मोठी झाली आणि लॉ कॉलेजला जाऊ लागली. सकाळच्या एसटीने जायची, दुपारी यायची, आणि बाप जेवायला गेला की माझ्या खालच्या बाकावर बसून मोठमोठ्याने वाचायची. ती जे वाचे ते मीही शिके. मालमत्ता, करार, पुरावा. निम्मे कळे, निम्मे डोक्यावरून जाई. पण शेवटच्या वर्षी एक विषय आला आणि त्याने आम्हा दोघांचीही झोप उडवली.

विषय होता स्पर्धा कायदा. मला स्पर्धा म्हटले की शाळेच्या मैदानातली लिंबू-चमच्याची शर्यत ठाऊक. तिच्यासाठी कायदा कशाला लागतो, हे मला आठवडाभर समजेना. मग एका दुपारी गौरजाने वाचले, की एकाच धंद्यातल्या लोकांनी आपापसात ठरवून खरेदीची किंवा विक्रीची किंमत बांधली, तर ते संगनमत. त्याने बाजाराचे नुकसान होते, असे कायदा धरूनच चालतो. होत नाही, हे ज्याने केले त्याने सिद्ध करायचे.

मी खिळ्यावर गार पडलो. एकच किंमत हा गुन्हा? मग मी तीस वर्षे काय मिरवत होतो?

गौरजाही गोंधळली होती. तिने पुढचे पान उलटले, तर तिथे लिहिले होते की नुसती किंमत सारखी दिसली म्हणून संगनमत सिद्ध होत नाही. सगळे एकाच वाऱ्याने एकीकडे कलले, असेही असू शकते. त्यांनी आपापसात ठरवल्याचे दिसले पाहिजे. "एका पानार असा, दुसऱ्या पानार तसा," ती पुटपुटली, आणि पेन्सिल चावू लागली. मला थोडा धीर आला.

त्यातच कॉलेजातल्या सरांनी प्रकल्प दिला. प्रत्येकाने आपल्या जवळचा एक बाजार निवडायचा, तो कसा चालतो ते लिहायचे, आणि शेवटी एका प्रश्नाचे उत्तर द्यायचे. या बाजारात संगनमत आहे की नाही, आणि कशावरून? सोमवारी द्यायचा होता. गौरजाने कट्ट्याचा काजू निवडला. घरचा विषय, सोपा जाईल, असे तिला वाटले. पोरगी हुशार, पण तिथे फसली.

तिने आधी बापाला विचारले. मी ऐकत होतो.

"बाबा, दर कोण ठरवता?"

"देव ठरवता. तुका म्हायत नाय?"

"आकडे कोणाचे?"

"एक आमचो, एक शेतकऱ्यांचो, एक गावचो. आज्यान घालून दिल्यान तसोच." दत्तप्रसादने हे सांगितले, पण सांगताना तो वजनकाट्यावरची धूळ पुसत होता. काट्यावर धूळ नव्हती.

गौरजाला केवढे हायसे वाटले. तिने वहीत लिहिले, की शेतकरी स्वतः एक आकडा देतात, गाव एक देतो, निवड दैवाधीन असते, म्हणून संगनमत नाही. मग तिला पुन्हा शंका आली. देवळात गाऱ्हाणे घालताना चारही दुकानदार एका सुरात 'होय म्हाराजा' म्हणतात. ही प्रार्थना धरायची की संमती?

"देवाक होय नाय म्हणूचा, तर काय नको म्हणूचा?" दत्तप्रसाद म्हणाला. तिला हसू आले, मलाही. पण वहीत तिने त्या वाक्यापुढे प्रश्नचिन्ह काढून ठेवले.

शुक्रवारी तिला प्रकल्पासाठी माझा फोटो हवा होता. रविवारी हंगामाचा दर निघायचा होता, त्यामुळे मला धुऊन रंगाचा हात द्यायचाच होता. तिने मला उतरवले आणि दुकानामागे पाण्याच्या टाकीपाशी नेले. नारळाच्या सोडणाने, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालाने, माझे तोंड घासले. मला बरे वाटले. मग तिने मला उलटे केले, आणि तिचा हात थांबला.

त्याच वेळी मथुरा आली. आता तिची मथुराकाकी झाली आहे, केस पांढरे, गुडघे दुखरे. पहिला काजू पडायला लागला, दर फुटला का, म्हणजे जाहीर झाला का, एवढे विचारायला ती मागच्या बाजूने आली होती. गौरजा माझ्या पाठीवर वाकून बोट फिरवत होती. चहाच्या पेल्यांची वर्तुळे एकमेकांत अडकलेली, आणि त्यांच्यामधून तेलाच्या काळपट ओळी. मथुराकाकी जवळ आली, डोळे बारीक केले, आणि सगळ्यांत वरच्या ओळीवर बोट ठेवले.

"ह्यो माझो आकडो," ती म्हणाली. "माझो तीन असोच येता, पोट सुटलेलो."

गौरजाने पाहिले. तीनचे पोट खरेच सुटलेले होते. खालच्या बारा ओळींतही तो तीन, तो चार, तेच थरथरते वळण दिसत होते. मग ते संपले. त्यानंतर सतरा ओळी, प्रत्येकीत तीन आकडे, आणि सगळे एकाच हाताचे. प्रत्येक शून्याला वर बारीक शेपूट. असे शून्य कट्ट्यात एकच माणूस काढतो, आणि ते समोरच्या फळ्यावर रोज दिसते. बाबलीशेटचे.

"काकी, मगे तू कित्या लिवलंस नाय?"

"बाबूशेट होते तवसर बोलवीत. मगे कोण बोलवूक इलो नाय. माका वाटला, दुसऱ्या कोणाक तरी इचारीत असतीत."

मी काय सांगू तुम्हाला. वरच्या वाडीला वाटत होते खालच्या वाडीला विचारतात, खालच्या वाडीला वाटत होते वरच्या. कौल देवच देत होता, त्यात खोट नव्हती. पण देवापुढे मांडलेले तिन्ही आकडे आमच्या दुकानात, चहा पिता पिता, माझ्या पाठीवर ठरत होते. देवाने तरी काय करावे? तीन वाकडी केळी पुढे ठेवली तर तो सरळ कुठून निवडणार? आणि मी, ज्याच्या पाठीवर हे सगळे लिहिले जात होते, तो दारात छाती काढून देवाचा दर, देवाचा दर म्हणून मिरवत होतो. लाजेने माझा रंग उडाला असता, पण तो आधीच धुतलेला होता.

गौरजाने फोटो काढला. पाठीचाही काढला. मग मला तिथेच ठेवून ती बापाकडे गेली. दार उघडे होते, सगळे ऐकू येत होते.

"मी खंय लिवलंय?" दत्तप्रसाद म्हणाला. "मी चाय दितंय. बाबली लिवता."

"पण तुमी बसलेले असतास, बाबा."

"बसाक नको तर काय करू? चौघांत ऱ्हवाचा आसा माका. तुझो आजो पण चौघांक घेवनच बसलो ना? मगे तो चोर?"

हेच तर गौरजालाही छळत होते. पुस्तकाच्या हिशेबाने आज्याचा दरही चुकलेलाच होता. किंमत बांधणारा चांगल्या मनाने बांधतो की वाईट, हे तिथे कोणी विचारत नाही. मला हे मुळीच पटले नाही, अजूनही पुरते पटलेले नाही. बाबूशेट रात्री जेवले नव्हते, हे कुठल्या कलमात बसते? पण मग मी माझ्या पाठीवरच्या सतरा ओळी आठवतो, आणि वाटते की चांगल्या माणसाने बांधलेले दार मागून कोणीही आतून लावून घेऊ शकतो. की माझेच काही चुकते आहे? मला माहीत नाही.

"माका चोर म्हणतंस तू?" दत्तप्रसादने विचारले. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता.

"माका कळणा नाय, बाबा," गौरजा म्हणाली, आणि तिला रडू आले. "माका खराच कळणा नाय."

शनिवारभर बाप लेकीशी बोलला नाही. गौरजा वही उघडून बसे आणि मिटे. लिहिले तर बापाचे नाव जाणार, न लिहिले तर वकिलीचे पहिलेच काम खोटे. शेवटच्या प्रश्नापुढची जागा कोरीच होती. तिने मला रंग दिला, पण फक्त तोंडाला. पाठीला पाण्याचा थेंबही लावला नाही.

रविवारी सकाळी बाबलीशेट आणि बाकीचे दोघे आले. दत्तप्रसादने चहा मागवला नाही, तेव्हाच माझ्या मनात चलबिचल सुरू झाली.

"फळो उतरून हाड रे," बाबलीशेट म्हणाले.

"फळो खिळ्यार आसा, तो थयच ऱ्हवतलो," दत्तप्रसाद म्हणाला. "देवळात मी येतंय. नारळ ठेवतंय, गाऱ्हाणा घालतंय. पण दर इचारूचंय नाय. दर माझो मी लिवतलंय."

बाबलीशेट खिळ्याकडे बघू लागले. "खुळावलंस काय? चौघांक सोडून खंय जातलंस?"

"खंय जातंय? हयच आसंय. माझा चेडू, गौरजा, वकील होतला. तेका माझ्या दुकानाचो फोटो काढूक लाज वाटता नये."

गौरजा आतल्या दारात उभी होती. दत्तप्रसादने खडू घेतला, पण त्याला कितीतरी वेळ आकडाच सुचेना. आयुष्यात त्याने स्वतः दर काढलाच नव्हता. वेंगुर्ल्याला काजू फोडणारे कारखानदार काय देतात, गाडीभाडे किती, आपल्याला काय उरते, हे बोटांवर मोजत तो उभा राहिला. मग त्याने माझ्यावर लिहिले, एकशे एकतीस, आणि तो देवळात नारळ ठेवून आला. तासाभराने बाकीचे तिघे देवळातून आले आणि आपापल्या फळ्यांवर लिहू लागले. एकशे बावीस.

मित्रांनो, माझी अवस्था काय सांगू. तीस वर्षांत पहिल्यांदा माझा आकडा शेजाऱ्यांशी जुळेना. मला वाटले, मीच चुकलो. वर्गात सगळ्यांचे उत्तर एक आणि आपले भलतेच आले की कसे होते, तसे. एसटी आली. माणसे उतरली, चार फळ्यांवरून नजर फिरली आणि माझ्यावर येऊन अडखळली. दोघे पुढे आले, पुन्हा मागे गेले. एक म्हातारा दुसऱ्याला हळूच म्हणाला, "दर चढो आसा म्हणजे काट्यात मारतलो." आणि सगळे एकशे बावीसकडे गेले. गौरजाच्या पुस्तकात हे कुठेच नव्हते. तिने पाने चाळून पाहिली.

अकरा वाजेपर्यंत आमची पायरी कोणी चढले नाही. दत्तप्रसाद गल्ल्यावर बसून रस्त्याकडे बघत होता. एकदाच तो म्हणाला, "चूक झाली काय गो?"

मग मथुराकाकी आली. डोक्यावर काजूची पिशवी, हातात किराणा दुकानातून नुकतीच घेतलेली तांदळाची पाच किलोची सीलबंद पिशवी. तिने माझ्यावरचा आकडा वाचला, समोरचा वाचला, आणि सरळ आत येऊन तांदळाची पिशवी आमच्या काट्यावर ठेवली. काट्यावर पाच दिसले. तिने पिशवी उचलून पुन्हा ठेवली. पुन्हा पाच. थांब्यावरची चार-सहा माणसे पायरीशी येऊन माना वर करून बघत होती.

"काटो बरोबर आसा," मथुराकाकी त्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, आणि मग काजूची पिशवी ठेवली.

त्यानंतर अर्ध्या तासात पायरीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. मी सुखावलो. म्हटले, जिंकलो बुवा. पण दुपारी बाबलीशेट फडके घेऊन बाहेर आले, आपला फळा पुसला, आणि लिहिले एकशे तेहतीस. शून्याला वर शेपूट काढायला या वेळी शून्यच नव्हते. बघता बघता आमची रांग रस्ता ओलांडून तिकडे गेली. दुकान पुन्हा रिकामे. आणि गौरजा हसू लागली. आधी हळू, मग पोट धरून.

"दुकान रिकामा झाला आणि हसतंस?" दत्तप्रसाद चिडला.

"बाबा, ह्याच पुस्तकात आसा," ती डोळे पुसत म्हणाली. "अगदी असाच लिवला हा."

मला तेव्हाही काही कळले नाही. हरलो आम्ही, गिऱ्हाईक गेले समोर, आणि ही खूश. मग पाहिले, तर मथुराकाकी थांब्यावर बसून दोन्ही फळ्यांकडे आळीपाळीने बघत होती. झाडांवर अजून अख्खा हंगाम होता तिचा. तिला कसलीच घाई नव्हती. तीस वर्षांत मी तिला काजू घेऊन आल्यावर असे निवांत बसलेले पाहिले नव्हते. दत्तप्रसादनेही ते पाहिले. तो उठला, त्याने मला पुसले, आणि बोटांवर मोजत नवा आकडा लिहिला. त्या दिवशी माझ्यावर पाच वेळा खडू फिरला. म्हाताऱ्या फळ्याला ही दगदग झेपत नाही, पण तक्रार करावीशी वाटली नाही.

दिवेलागणीला दुकान आवरताना दत्तप्रसादने विचारले, "उद्याचा ता लिवून झाला?"

"शेवटचो प्रश्न ऱ्हवलो."

त्याने दोऱ्या गुंडाळून ठेवल्या. "लिव. माझा नाव घाल."

"बाबा, ह्यो नुसतो कॉलेजचो कागद आसा. आणि जो आधी आपणहून सांगता, तेका कायदो पण थोडी सवलत देता."

"सवलत नको. माझा नाव घाल, आज्याचा पण घाल. पण पयल्या ओळीत मथुरेचो आकडो आसा, ता आधी लिव. सुरवात बरी होती आमची, ता लोकांका कळाक व्हया."

गौरजाने तसेच लिहिले. शेवटच्या प्रश्नापुढे तिने लिहिले, की संगनमत होते, आणि पुरावा फळ्याच्या पाठीवर आहे. माझा उल्लेख कायद्याच्या कागदात आला, मित्रांनो. अभिमान वाटून घ्यावा की लाज, हे मी अजून ठरवतो आहे.

आता मला भिंतीला टेकवून टांगत नाहीत. दत्तप्रसादने दोन कड्या ठोकून मला साखळीने पडवीच्या वाशाला लटकवले आहे. खाडीकडून वारा आला की मी सावकाश फिरतो. एका बाजूने आजचा दर, दुसऱ्या बाजूने तीस वर्षांच्या ओळी. एसटीच्या थांब्यावरची माणसे गाडीची वाट बघता बघता माझी पाठ वाचतात, आणि मथुराकाकी कोणाला तरी तिचा पोट सुटलेला तीन दाखवत असते.

मित्रांनो, तुमच्या गावातही माझ्यासारखे जुने फळे असतील. त्यांना पावसात टाकू नका, वाळवी लागू देऊ नका, वर्षातून एकदा रंगाचा हात द्या. पण रंग तोंडालाच द्या. आणि सवड झाली तर त्यांना एकदा उलटे करा, आणि पाठीवर काय लिहिले आहे ते त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. त्यांना ते कोणी सांगितलेले नसते.